उक्कोचा हातोडा

या सदरातले अद्भुत अनुभव मी आजवर मनात हसतच वाचत आले. मिशनच्या इंग्रजी शाळेत शिकलेली मी. वीज म्हणजे काय, हे परीक्षेपुरतं तरी ठाऊक होतं. म्हणून घडलं तेवढंच लिहिते… माझं नाव छापू नये.

बनारसला दूधविनायकाहून पंचगंगा घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत माझ्या काकांचं घर. आईवडील गेल्यावर मी तिथेच वाढले. मी पायाळू — जन्मताना पाय आधी बाहेर आलेली. पायाळूवर वीज पडते म्हणतात. काकांना उसण भरली की कमरेला माझा पाय हवा; आणि ढग गडगडले की काकू म्हणायची, "तू लांब बस. तुझ्यापायी सगळ्यांनी का मरायचं?"

शाळेत फिनलंडहून आलेल्या एक मिस होत्या. मायदेशी परतताना त्यांनी मला अंगठ्याएवढा चांदीचा हातोडा दिला. त्यांच्याकडे फार पूर्वी उक्को नावाचा मेघगर्जनेचा देव मानत, त्याचं हे हत्यार. "हा ज्याच्या गळ्यात, त्याच्या वाटेला वीज जात नाही," असं त्या हसत म्हणाल्या. मी तो दोऱ्यात ओवून पोलक्याच्या आत घालू लागले. विश्वास म्हणून नव्हे — मला कुणी आपणहून दिलेली ती एकच वस्तू होती.

वैशाखातली दुपार. काकू माझ्यासमोरच काकांना म्हणाली, "आपल्या शकूला बघायला माणसं येतील. त्याआधी हिला अनाथाश्रमात टाका."

"एवढ्या मोठ्या मुलीला कोण घेणार? जाईल कुठे बिचारी?"

"का? गंगा आटली आहे का?"

तेवढ्यात अंधारून आलं, गारा पडू लागल्या. गारा थांबाव्यात म्हणून आमच्यात चौकात विळा फेकतात. काकू विळा घेऊन आली आणि तिची नजर माझ्या गळ्यातल्या दोऱ्यावर गेली.

"हे काय? किरिस्तानी ताईत?"

"काकू, तो तसला नाही…"

"जबान चालवतेस?" तिने हिसका मारला. दोरा तुटला. विळा आणि हातोडा तिने एकदमच चौकात भिरकावले. "जा! आण जाऊन आता!"

मी उंबरठ्यावरच थांबले. आणि चौकात वीज पडली.

डोळे उघडले तेव्हा विळ्याचं पातं काळं पडून पिळवटलं होतं. हातोडा कुठेच नव्हता. मोरीची जाळी उचलूनही पाहिली. काकू माझ्या मागे, माजघराच्या दारात होती — आपला उजवा तळहात बघत. मधोमध हातोड्याचा काळा ठसा, दोरा ओवायच्या भोकासकट. फोड नाही, आग नाही. वैद्यबुवांनी काजळी समजून घासून पाहिला… निघाला नाही.

"हिनंच केलं!" काकू किंचाळली.

काका माझ्यापासून चार पावलं मागे सरकले. "खरं सांग पोरी, मनात काय म्हणालीस तू?"

मनात मी काहीच म्हणाले नव्हते. वीज लोखंडावर पडली असेल, इतपत मला पटतं. तळहाताचं काय? वर्ष उलटलं तरी ठसा तसाच आहे. शकूचं लग्न झालं, मी मांडवात होते. मला घराबाहेर काढायची गोष्ट आता कुणी काढत नाही.

यातलं मला काहीही कळलेलं नाही. पण काकांनी विचारलं तेव्हा 'काही नाही' असं मी सांगितलं नाही, नुसती त्यांच्याकडे बघत राहिले. अजूनही तेच करते.