पुठ्ठ्याचं दार

देवघराच्या दाराचं माप मी चौकटीच्या बाहेरून घेतलं आणि कमठाण्याहून ऐटीत हुमनाबाद गाठलं. सोबत सासऱ्यांनी दिलेली सागवानाची एकुलती एक फळी होती. कॉम्प्युटरवर नक्षी ठरली, लाकूड कोरायचं मशीन सुरू झालं. पण तिथल्या कारागिरानं फळीवरून नुसता हात फिरवला, ती बाजूला ठेवली आणि आधी पुठ्ठ्याचं दार कापलं.

"घरी लावून बघा अण्णा, मग या."

"कामून? परत कमठाण्याला जाऊ? स्क्रीनवर बरोबर दिसायलंय की!"

त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "मशीन सांगितलेलं ऐकतंय. चुकलाव म्हणत न्हाई."

असा राग आला! फळी तिथंच ठेवून, पुठ्ठा घेऊन चरफडत घरी आलो. पुठ्ठा चौकटीच्या आत बसेना, चार बोटं मोठा निघाला.

"फळी आणू परत?" मी विचारलं.

बायको म्हणाली, "राहू द्या तिथंच. तुमच्यापेक्षा त्याच्यापाशी सुखात हाय."