दोन ओळी आणि नाव

मुलाच्या शास्त्रज्ञांची परिषद जपानात त्सुकुबाला भरली होती. त्यातल्या एका संध्याकाळी घरच्या माणसांनाही बोलावणं होतं. मी जाणार नव्हतो. चौथी शिकलेल्या माणसानं तिथं जाऊन काय करायचं? पण ही म्हणाली, "अहो, घरी बसून जपानी बातम्या बघता, त्या तरी कुठं कळतात? चला." म्हणून गेलो.

मला वाटलं, भाषणं असतील, एक डुलकी काढू. आत बघतो तर बालवाडी. मोठमोठी माणसं, गळ्यात पाट्या, आणि कुणी कागदाचे बगळे करतंय, कुणी गुडघ्यावर बसून हातभर ब्रशानं शाई फासतंय. एका म्हाताऱ्या जपान्याच्या नाकाला शाई लागली होती आणि त्याला कुणी सांगतही नव्हतं. मुलाला विचारलं, "हे खरे शास्त्रज्ञ का?" तो म्हणाला, "आबा, आज कलेची संध्याकाळ. काम बंद." दिवसभर पोलादाला तडा का जातो ते बघायचं आणि संध्याकाळी बगळे करायचे, हे मला काही जुळेना. माझ्याही गळ्यात पाटी घातली. तिच्यावर काय लिहिलं होतं देव जाणे.

मग सगळे गोल बसले आणि माइक फिरायला लागला. सून माझ्या कानाशी लागली. "आबा, ज्यानं त्यानं आपल्या भाषेत दोन ओळी म्हणायच्या आणि शेवटी नाव घ्यायचं."

"कुणाचं?"

"ज्याच्या मदतीशिवाय आपलं काम झालंच नसतं, त्याचं."

मी चपापलो. हा तर उखाणा! विमानात एवढे पाय आखडून आलो, ते उखाण्यासाठी?

मी उखाणा कधी घेतलेला नाही. लग्नात हिनं उंबऱ्यावर माझं नाव घेतलं, फडाफडा. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, हे असलं मला जमणार नाही. बहिणींनी दार अडवून धरलं. मी हिला घेऊन मागं वळलो आणि गोठ्याच्या दारानं घरात शिरलो. त्यात काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. ही मात्र प्रत्येक लग्नकार्यात सांगते, "ह्यांनी मला गोठ्यातून आणली. म्हशीला तरी ओवाळून घेतात!" हसून सांगते. माझ्याकडे मात्र बघत नाही.

एका उंच गोऱ्यानं नाव घेतलं आणि रडायला लागला. मी सुनेला विचारलं, "बायको गेली का ह्याची?"

"नाही आबा, त्याच्या सरांचं नाव घेतलं."

पुढच्या बाईनं लाजून नाव घेतलं, तर ती तिची शाळा निघाली. मग तो शाईच्या नाकाचा म्हातारा उठला. हळू आवाजात दोन ओळी म्हणाला, नाव घेतलं आणि कंबरेत वाकला, तो वर येईच ना.

"ह्याचं कोण?"

"मशीन, आबा. त्यांचं जुनं मशीन. आता बंद केलंय."

हसू यायला हवं होतं, आलं नाही. मशीनचा मान मला कळतो. माझ्या पिठाच्या गिरणीला दर दसऱ्याला मी झेंडूची माळ घालायचो, नारळ फोडायचो.

शेजारून ही पुटपुटली, "गिरणीचं नशीब."

एवढंच बोलली आणि हातातला बगळा उलगडत बसली. गिरणीत दळण मापायला ही, डब्यांच्या रांगेतली भांडणं सोडवायला ही, मी तापानं पडलो तेव्हा पट्टा चढवायलाही हीच. माइक जवळ आला तशी ती जास्तच खाली बघायला लागली.

मुलगा म्हणाला, "आबांना नको, त्यांना असलं आवडत नाही. पुढं द्या."

माझ्या वतीनं कुणी ठरवलं की माझं डोकं फिरतं. मी माइक ओढून घेतला.

"कागदाचा केला बगळा, त्याला पाण्याचा नाही ठाव,
शास्त्रज्ञांच्या सभेत घेतो..."

आणि अडलो. कुठलं घेऊ? सासरचं नाव माझ्या आईनं निवडलेलं, ताटातल्या तांदळावर मीच ते लिहिलं होतं. सगळे तेच घेतात. पण तोंडात आलं ते माहेरचं. ते कुठून आलं, मला अजून कळलेलं नाही. तिचा भाऊ गेल्यापासून ते कुणाच्या तोंडी ऐकलं नव्हतं. पण निघालं, माइकमधून, चांगलं मोठ्यानं.

टाळ्या वाजल्या. काय कळलं म्हणून वाजवल्या, कुणास ठाऊक. हिनं वर बघितलं. माझ्याकडे, सरळ.

सगळं आवरताना तो म्हातारा कागद आणि ब्रश घेऊन आला. मुलगा म्हणाला, "हे विचारतायत, तुम्ही कुणाचं नाव घेतलंत? लिहून द्याल का?"

मी हिच्याकडे बोट दाखवलं. मशीनचं नाव घेऊन वाकला होता, तसाच म्हातारा हिच्यापुढं वाकला. ही गोंधळून पदर सावरत हात जोडून उभी. मी ब्रश घ्यायला हात पुढं केला, तर हिनं अडवला.

"तुम्ही नको. तुम्ही तांदळात लिहिलं होतं ते निराळं."

तिनं स्वतःच लिहिलं, मोठ्या अक्षरात, आणि वाळेपर्यंत फुंकर घालत राहिली. वाळल्यावर कागद म्हाताऱ्याला काही दिला नाही. तो बिचारा रिकाम्या हातानं पुन्हा वाकला आणि गेला.

कागद आता हिच्या कपाटात आहे. नाव मी इथं लिहिणार नाही. एकदा घेतलं, पुरे.