चौथ्या दिवसाच्या करंज्या

आज सकाळी खालच्या मजल्यावर कुणीतरी नारळ खवत होतं. भोरमधल्या आमच्या या इमारतीचा जिना अरुंद आहे. कुठल्याही घरातला वास आधी जिन्यात येतो, घटकाभर तिथे रेंगाळतो आणि मग ज्याचं दार उघडं असेल त्याच्या घरात शिरतो. ओल्या खोबऱ्याचा वास तसा अबोल. फोडणीसारखा तो अंगावर येत नाही. शेजारी येऊन बसतो आणि बऱ्याच वेळानं आपल्या लक्षात येतं की कुणीतरी बसलंय. मी पेपर वाचत होते. वाचता वाचता थांबले आणि डोळ्यांपुढे आली ती विशाखापट्टणमच्या हॉटेलातली सातव्या मजल्यावरची खोली, तिथला पांढराशुभ्र पलंग, आणि पलंगाच्या काठावर बसून मांडीवरच्या स्टीलच्या डब्यातली करंजी खाणारे माझे यजमान.

त्या सहलीची कल्पना त्यांचीच. ते मूळचे हिर्डोशीचे. तिथून वरंधा घाट उतरला की कोकण, त्यामुळे समुद्राचं त्यांना अप्रूप नव्हतं. पण त्यांनी पाहिलेला सगळा समुद्र मावळतीचा. मोजणी खात्यातून निवृत्त झाल्यावर एकदा चहा पिताना म्हणाले, "आपल्याकडं समुद्रात सूर्य बुडतो. उगवताना बघायचा हाय एकदा." आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनीच्या हद्दी मोजणाऱ्या या माणसानं स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. आमची मुलगी पुण्याला असते. तिच्या कानावर हे गेलं आणि तिनं मोबाईलवरून सगळं ठरवून टाकलं: रेल्वे, समुद्रासमोरच्या हॉटेलात चार दिवस, आणि त्यातल्या दुसऱ्या दिवशी आमच्या लग्नाचा वाढदिवस येत होता म्हणून हॉटेलच्या गच्चीवर संध्याकाळच्या जेवणाचं टेबल.

इथे माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. मी भोरच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं. त्या तीस वर्षांत स्वयंपाक हे माझ्यासाठी घड्याळाशी चाललेलं भांडण होतं. पहिली घंटा गाठायची म्हणून पोळ्या लाटायच्या, भाजी शिजली म्हणजे झाली. निवृत्त झाल्यावर मात्र मी स्वयंपाकघरात खऱ्या अर्थानं शिरले. किकवीला आईच्या हाताखाली पाहिलेलं आणि हिर्डोशीला सासूबाईंकडून अर्धंमुर्धं ऐकलेलं आठवून आठवून करायला लागले. त्याच वर्षी यजमानांना मोठा ताप आला. पंधरा दिवस अंथरुणात गेले. तोंडाला चव नाही म्हणायचे, म्हणून मी रोज काहीतरी नवं करून समोर ठेवायची आणि विचारायची, "कसं झालंय?" एक दिवस त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "झकास झालंय." त्या दिवसापासून पुढची दोन वर्षं ते रोज तसंच काहीतरी म्हणत आले. शाळेत इतकी वर्षं दुसऱ्यांना गुण देणारी मी, उतारवयात रोजच्या रोज पहिल्या नंबरानं पास होत होते. त्याचं सुख किती होतं, हे मला पुढे कळलं.

निघायच्या आदल्या दिवशी मी ओल्या नारळाच्या करंज्या केल्या. गाडीत त्यांना चहाबरोबर गोड लागतं. दीड दिवसाचा प्रवास, खिडकीतून येणारा गरम वारा, आणि पोचल्यावर समुद्रकाठची ती चिकट, दमट हवा. डबा पिशवीच्या तळाशी गेला आणि मी तो विसरले.

हॉटेलात राहायची आम्हा दोघांना सवय नव्हती. सफाई करणारी बाई यायच्या आत ते चादरीची घडी घालून ठेवायचे. दुसऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून गेल्यासारखे आम्ही हळू बोलत होतो. पहिल्या पहाटे खिडकीशी दोन खुर्च्या ओढून सूर्याची वाट पाहत बसलो. क्षितिजावर बंदरात शिरायच्या प्रतीक्षेत थांबलेली जहाजं होती, त्यांच्यामागे धुकट पडदा. सूर्य दिसला तेव्हा तो पाण्यापासून चांगला हातभर वर आलेला होता. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "उगवला म्हणायचा." खाली न्याहारीला हिरव्या मुगाचे डोसे होते, इडल्या होत्या, चार रंगांच्या चटण्या होत्या. त्यांनी सगळं नेमानं खाल्लं आणि प्रत्येक घासानंतर मला दिलासा दिल्यासारखं म्हणाले, चांगलं हाय, पण तुझ्या हाताची सर न्हाई.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आंघोळ करून बाहेर आले आणि दारातच थबकले. खिडक्या बंद, एसी चालू, आणि खोलीभर वास. खवट, तेलकट, त्याच्या पोटात काहीतरी कुजल्यासारखं. यजमान पलंगाच्या काठावर बसले होते. मांडीवर डबा. हातातली करंजी बहुधा तिसरी असावी. खोबरं पार उतरलं होतं. मला पाहून ते हसले आणि म्हणाले, "झकास हायत अजून. खोबरं कसं ताजं लागतंय."

माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की हा माणूस माझं मन राखायला नासकं खातोय. मला भरून आलं. पण मग मी त्यांचा चेहरा पाहिला. मन राखायला खाणाऱ्याचा चेहरा मला ठाऊक आहे. घास गिळताना गळ्याची एक शीर ताठ होते. इथे तसं काहीच नव्हतं. ते मजेत चावत होते. मी परत न्हाणीघरात गेले. हॉटेलनं ठेवलेला चंदनाचा साबण घेतला, आणि त्यांना डोळे मिटायला सांगितले. असल्या खेळाचं आमचं वय नव्हतं, तरी त्यांनी निमूट मिटले. मी साबण त्यांच्या नाकाशी धरला आणि विचारलं, हा कशाचा वास?

 त्यांनी डोळे उघडले नाहीत.  तसेच बसून म्हणाले, "कशाचाच न्हाई. दोन वर्सं झाली, मला कशाचाच वास येत न्हाई."

त्या क्षणी मी काय केलं असावं, असं कुणाला वाटेल? मी डबा त्यांच्या हातातून घेतला, करंज्या पिशवीत बांधल्या, बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात नेऊन टाकल्या आणि डबा घासत बसले. दोनदा घासला. राग आला होता, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. दोन वर्षं मी धने किती भाजायचे यावर विचार करत होते, आंबेमोहोराचं कुठलं पोतं जास्त सुवासिक यावर दुकानदाराशी वाद घालत होते, आणि समोरचा माणूस पाण्यात भिजवलेला कागद खावा तसं ते सगळं खात होता. मागच्या एकेका गोष्टीचा अर्थ आता लागत होता. एकदा ते स्वयंपाकघरातच पेपर वाचत बसले असताना शेजारी दूध करपून काळं झालं होतं, आणि मी त्यांना लक्ष कुठे असतं म्हणून खूप बोलले होते. त्यांनी ते मुकाट्यानं ऐकून घेतलं होतं.

संध्याकाळच्या टेबलाचा निरोप हॉटेलवाल्यांनी दोनदा दिला, म्हणून गेलो. गच्चीवर कागदी कंदील लावले होते. समोर समुद्र निळसर राखाडी होत चालला होता. आमच्यात दुपारपासून शब्द नव्हता. चिंचेच्या आंबट रश्शातला मासा आला, भात आला, अंबाडीची चटणी आली. आमच्याकडे अंबाडीची भाजी कण्या घालून करतात. तीच अंबाडी इथे लाल मिरचीत वाटलेली होती. वाढणारे गृहस्थ साधारण माझ्याच वयाचे होते. थोड्या वेळानं ते परत आले आणि त्यांनी यजमानांना अदबीनं हिंदीत विचारलं की जेवण कसं आहे. मी ताटाकडे पाहत बसले. आता "झकास" येणार हे मला माहीत होतं.

यजमानांनी घास खाली ठेवला. त्यांची हिंदी कचेरीतली, मोडकीतोडकी. ते म्हणाले, "मेरे को वास नहीं आता, भाऊ. बीमारी के बाद गया. इनको पूछो."

ते गृहस्थ माझ्याकडे वळले. मी मासा चाखला आणि मीठ थोडं जास्त आहे, बाकी उत्तम आहे, असं खरं खरं सांगितलं. ते गेल्यावर यजमान हळूहळू बोलायला लागले. एरवी ते एवढं बोलत नाहीत. म्हणाले, तापानंतर आठ दिवसांत वास परत येईल असं वाटलं होतं. तू रोज एवढं करत होतीस, तुझ्याकडं बघून एक दिवस झकास म्हणालो, तर तुझा चेहरा असा झाला की परत फिरता येईना. गोड कळतं, खारट-आंबट कळतं, तिखट जाळतं, कुरकुरीत दाताला कळतं. बाकी काही न्हाई. मी विचारलं, मग सगळ्यात जास्त काय चुकल्यासारखं वाटतं? मला वाटलं, माझ्या हातचं काहीतरी सांगतील.

त्यांनी समुद्राकडे पाहिलं. "शेत," म्हणाले. "हिर्डोशीला भाताच्या आवणीच्या वक्ताला चिखलात उभं राहिलं, तर निस्तं वलं लागतं पायाला. वासाबिगर ते गाव कुठलं बी असंल. म्हणून जात न्हाई म्या."

दोन वर्षं ते गावाकडे जायचं टाळत होते आणि मी समजत होते की गुडघे दुखतात. माझा राग त्या टेबलावरच विरला असं मी म्हणणार नाही. तो पुढे चांगला महिनाभर होता. पण राग ज्याच्यावर होता तो माणूस एवढा वेळ एकटाच होता हे कळल्यावर, त्या रागाची धार तरी कमी झाली.

उरलेले दोन दिवस मजेत गेले, असं सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण गेले. आम्ही जेवणात कुरकुरीत काय, थंडगार काय, जिभेला झोंबणारं काय, हे पाहून मागवू लागलो. तळलेल्या मिरच्या त्यांनी डोळ्यांत पाणी आणून खाल्ल्या. एका सकाळी मासळीबंदराकडे फिरत गेलो. तिथे वाळवणं घातली होती. मी पदर नाकाला लावून जवळजवळ पळत सुटले, आणि ते मागून बागेत फिरायला आल्यासारखे सावकाश, हात मागे बांधून येत होते. पलीकडे पोचल्यावर मी वळून पाहिलं आणि मला हसू फुटलं. तेही हसले. त्या चार दिवसांत आम्ही दोघं एकत्र हसलो ते तेवढंच.

परत आल्यावर पुण्यात डॉक्टरांना दाखवलं. येईलही, नाहीही, असं ते म्हणाले. अजून आलेला नाही. मी आता रोज चार पदार्थ करत नाही. जे करते ते बरेचदा मला आवडतं म्हणून करते. साठीनंतर कळलं की मला कढी फार आवडते, आणि ती मी कधी माझ्यासाठी केली नव्हती. त्या दोन वर्षांतल्या स्तुतीचं काय करायचं, हे मात्र अजून ठरत नाही. खोटी होती म्हणावी, तर त्या प्रत्येक दुपारी ते पानावर शेवटपर्यंत बसले होते. खरी म्हणावी, तर करंज्यांचा वास आठवतो. मध्ये वर्षं गेली की अशा गोष्टींचे कंगोरे झिजतात, खऱ्या-खोट्याची हद्द पुसट होते, आणि ती पुन्हा आखायला फीत घेऊन कुणी येत नाही.

गेल्या भातकापणीला मात्र ते स्वतःहून म्हणाले, चल, जाऊन येऊ. एसटीनं हिर्डोशीला गेलो. दुपारी थोरल्या जाऊबाईंनी खळ्याशेजारी चूल मांडून नाचणीच्या भाकरी केल्या आणि सुकट भाजायला घेतली. धूर आमच्याकडे आला तसं त्यांनी कौतुकानं विचारलं, भावजी, आला का वास? मी यजमानांकडे पाहिलं. सांगायची गरज नव्हती; हसून मान डोलावली असती तरी चाललं असतं.

"मला वास येत न्हाई, वयनी," ते म्हणाले. "लई वर्सं झाली."

 जाऊबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली.

"पर भूक लागती न्हवं?"

"लागती की."

"मंग बसा," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी परातीतलं पीठ पुन्हा मळायला घेतलं.