हिरडी दिसेल असं हसू

दवाखान्यातल्या खुर्चीत बसलेल्या माझ्या लेकीला डॉक्टर म्हणाले, "मोकळं हस बघू. हिरडी किती दिसते ते मोजायचंय." तिला जमेना. शाळेत चिडवायला लागल्यापासून ती ओठ मिटूनच हसते. ऑफिसातून तशीच तिला घेऊन आलेली मी. बसल्या जागी माझे डोळे मिटत होते.

"आई, तूच हसून दाखव ना," ती वैतागून म्हणाली.

मी तोंडापुढे हात न धरता हसले. माझीही हिरडी तशीच दिसते. ती बघून पोरगी खळखळून हसली आणि डॉक्टरांनी फोटो काढला.

मला बघायला पाहुणे यायचे, तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारातून खुणावायची, ओठ मिट. तिचंही हसू असंच होतं. आलेलं हसू असं सतत आवरत राहायचं, त्यानंही माणूस थकत असेल.

"ऑपरेशन नको. तारा आणि बारीक स्क्रू लावून दात हळूहळू वर सरकवू, चावणंही सुधारेल," डॉक्टर सांगत होते. "हा फोटो आमच्या कामापुरता. सगळं झाल्यावरचा छान फोटो तुम्हाला देऊ."

मी म्हटलं, "मला हाच द्या."