व्याह्यांचा पहिला घोट

पाण्याच्या बाबतीत आमच्या व्याह्यांइतका संशयी माणूस अख्ख्या लीड्समध्ये सापडायचा नाही. जिथे बारा महिने आभाळ गळत असते, त्या गावात हा गृहस्थ परसात सहा बादल्या मांडून बसतो. उमेदीची वीस वर्षे त्यांनी कलहारीच्या वाळवंटात, गुरांच्या रँचवर बोअर खणण्यात घालवली. तिथे एक पंप बंद पडला की शेकडो गुरे हंबरत उभी राहायची, त्यामुळे नळ सोडला की पाणी येते यावर त्यांचा अजून विश्वास नाही. आमच्या मुलीच्या लग्नाला जाताना वाटेत एका शेतात कोरड्या हौदाभोवती गाई उभ्या दिसल्या, तर वराचे वडील सुटाबुटात फाटकावरून आत! मी ओरडलो, "अहो, रजिस्ट्रार थांबणार नाही!" "थांबेल हो. माणसांना वेटिंगची सवय असते. इथे व्हॉल्व्ह अडकलाय!" लग्नाच्या प्रत्येक फोटोत त्यांची उजवी बाही शेवाळाने हिरवी आहे. विहीणबाई मात्र हसत म्हणाल्या, "मला बघायला आले, तेव्हाही आधी आमची विहीर बघितली होती."

त्याच विहीणबाई गेल्या हिवाळ्यात हॉस्पिटलात पडून होत्या. माणसे ओळखणे केव्हाच थांबले होते, आता त्या पाणीही पिईनात. पाणी पोटात गेले तरच घरी सोडू, असे नर्सने बजावले होते. ती चमचा पुढे करी आणि विहीणबाई ओठ घट्ट मिटून घेत. व्याही मला म्हणाले, "फोर्स केलं की संपलं. नव्या बोअरचं पाणी गुरं नुसतं हुंगतात नि मागे फिरतात. आधी एखादी म्हातारी गाय प्यायली, की तिचं बघून बाकीची येतात. इथे ती म्हातारी गाय मीच!" असे म्हणून ते बायकोसमोर बसले आणि असा भुरका मारला की अख्खा वॉर्ड वळून पाहू लागला. विहीणबाईंनी हळूच हात पुढे केला. दोन आठवडे हे चालले. त्यांच्या एका घोटासाठी हे अर्धा ग्लास रिचवायचे आणि दिवसभर टॉयलेटच्या फेऱ्या मारायचे, पण चेहरा कसा उजळलेला.

मग एका दुपारी त्यांनी भुरका मारला आणि विहीणबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवले. त्यांनी दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला. "गोड आहे गं. बघ ना, मी पितोय." ग्लास संपला, त्यांनी पुन्हा भरला. मला रडू आवरेना आणि उठून जाववेना. शेवटी मी खुर्ची व्याह्यांशेजारी ओढली, एक कागदी पेला भरला आणि त्यांच्या बरोबरीने पिऊ लागलो.