मलिद्याचं निदान

कळमन्याच्या धान्यबाजारात पोती उचलणारा एक हमाल चौथ्यांदा माझ्या ओपीडीत आला, तेव्हा त्याला बघताच माझं डोकं फिरलं. पंचेचाळिशीचा, एकेकाळी चांगला धिप्पाड असावा असा माणूस. वर्षभरात इतका वाळला होता की शर्ट अंगावर लोंबत होता. तक्रार एकच: दुपारच्या सुमारास लघवी दुधासारखी पांढरी होते, अंगातली ताकद तिच्यातूनच चालली आहे. आणि आमच्याकडे तपासली की लघवी स्वच्छ. सोनोग्राफीही स्वच्छ. धातू जाते या भीतीनं हबकलेले पुरुष युरॉलॉजिस्टकडे पुष्कळ येतात. यालाही मी त्यांच्यातच बसवून टाकलं होतं. या खेपेस मानसोपचारतज्ज्ञाच्या नावानं चिठ्ठी द्यायची, असं ठरवूनच बसलो होतो.

बायको दर वेळी सोबत असायची. नवरा वाळत चालला म्हणून ती हात धुऊन त्याच्या खाण्यामागे लागली होती. सकाळी कामावर जायच्या आधी वाडगाभर मलिदा, म्हणजे गरम पोळ्या कुस्करून त्यात गूळ आणि तूप, तेही माहेरच्या म्हशीचं. हे ती मी न विचारताच सांगायची, आणि मी मान डोलावून पुढच्या रुग्णाला हाक मारायचो. तरी ही जोडी मला आवडायची, हे कबूल करतो.

त्या दिवशी एक ऑपरेशन लांबलं आणि ओपीडी दुपारवर गेली. तपासणी म्हणजे उपाशीपोटीच यायचं, असा या नवराबायकोचा पक्का समज. कुणी सांगितलं नव्हतं, तरी आधीच्या तिन्ही वेळा तो नुसतं पाणी पिऊन आला होता. आज मात्र त्याला घेरी यायला लागली, तेव्हा तिनं व्हरांड्यातच डबा उघडून त्याला मलिदा खाऊ घातला. दोन-अडीच तासांनी लघवीचा नमुना लॅबमध्ये गेला. थोड्या वेळानं लॅबच्या बाई बाटली घेऊन तणतणत आल्या, कुणीतरी यात दूध ओतलंय म्हणाल्या.

मी त्याच्यावर ओरडलो. चारचौघांत ओरडलो, आजही त्याची लाज वाटते. मग मी बाटली उजेडात धरून नीट पाहिली आणि विचारलं, आज खाल्लं काय होतं? बायकोनं डबा पुढे केला.

बाटलीत चरबी विरघळवणारं ईथर घालून हलवलं, तशी लघवी निवळली. म्हणजे ते दूध नव्हतं, धातूही नव्हती, खाल्लेल्या तुपाची चरबी होती. हत्तीरोगाचे जंतू अंगात राहून चरबी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या तुंबवतात. त्यातली एखादी मूत्रमार्गात फुटली की तूप अंगी लागायच्या ऐवजी लघवीत उतरतं. त्याच्या पायाला सूज नव्हती, म्हणून हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. उपचार होता. दुर्बिणीतून औषध सोडून गळती बंद करायची, आणि तोवर तूप-तेल पूर्ण बंद.

हे शेवटचं तिच्यासमोर सांगताना माझी जीभ अडखळली. तिचा चेहरा उतरला.

"म्हंजे मीच यायले वाळवून राहिली होती."

नवऱ्यानं मान खाली घातली. "मले ठाऊक होतं, साहेब. ही माहेरी गेली का लगवी पाण्यासारखी साफ राहे."

"मंग सांगितलं काहून नाही गा?" मीही त्याच्याच बोलीवर आलो.

"एवढ्या मायेनं वाढे. नोको वाढू, असं कसं म्हणू?"

बायकोनं पदरानं डोळे पुसले आणि डब्यात उरलेला मलिदा माझ्या टेबलावर ठेवला. आता तुमीच खा, म्हणाली, फेकवत नाही. मला मधुमेह आहे, आमच्या घरी गुळाचा डबा माझ्यापासून लपवून ठेवतात. रुग्णाकडचा चहासुद्धा मी घेत नाही. पण ती समोर उभी होती, आणि मी शेवटच्या घासापर्यंत खाल्ला.