लखनौहून पैसा आला होता

हे मी घरात कधी बोललो नाही. बायकोलाही नाही. आता निवृत्त झालोय, थकलोय — कोणापासून लपवायचं?

आम्ही रामघाटावरचे मराठी. वडील भिक्षुकी करत. मी मात्र गंगेपलीकडच्या एका लहान नगरपालिकेत लेखापाल झालो. राज्य सरकार आपल्या करांतला वाटा आम्हाला पाठवी, आणि गावाचं सगळं त्यावरच चाले. आधी पगार आणि पेन्शन, मग उरेल त्यात गटारं, दिवे. बहुतेकदा काही उरतच नसे.

त्या वर्षी उरलं. शाळेमागच्या उघड्या नाल्यावर फरश्या टाकायचं ठरलं होतं. पण अध्यक्षांना स्वतःच्या वॉर्डात कमान हवी होती. म्हणाले, "कोई पूछे तो कह दीजिए, लखनऊ से कटकर आया है।"

मी मान डोलावली. बदलीची भीती होती का? होती. पण त्यांनी तसं काही म्हटलंही नव्हतं — मीच आधी घाबरलो.

नाल्याकाठी मिश्राबाई राहत. शाळेत शिकवत, त्यांच्या यजमानांना डोळ्यांनी कमी दिसे. मोहल्ल्यातल्या बायका घेऊन त्या नगरपालिकेच्या दारात धरणं धरायला आल्या. तेव्हा मी बाहेर जाऊन सांगितलं, पैसा कापून आलाय. कुणी विश्वास ठेवेना. तेव्हा त्याच वळून म्हणाल्या, "पंडितजी के घर के हैं, झूठ नहीं बोलेंगे। चलो।"

बायका उठल्या. निघून गेल्या. त्या क्षणी हाक मारता आली असती — नाही का?

पावसाळ्यात रस्ता आणि नाला एक झाले, आणि त्यांचे यजमान त्यात पडले. खुब्याचं हाड मोडलं. अंथरुणाला खिळले ते उठलेच नाहीत, थंडीत गेले.

मी भेटायला गेलो. का गेलो, अजून कळत नाही. सांगायला? तसं मनात होतं बहुधा. मिश्राबाईंनी खुर्ची दिली, चहा ठेवला. म्हणाल्या, "आपका क्या दोष, भाईसाहब। लखनऊवालों को हमारी गली क्या मालूम।"

तोंड उघडलं होतं मी. खरंच उघडलं होतं.

मग म्हणालो, "हाँ, ऊपरवाले कहाँ सुनते हैं।"

आणि चहा प्यायलो. त्यांनी आणखी अर्धा कप ओतला, तोही प्यायलो.